शेवटचा नंबर घरच्याचा

विमानाची तिकिटं काढून देणं हा माझा धंदा. जाण्याच्या तिकिटावरून सहसा कोणी भांडत नाही. परतीचं तिकीट निघालं की मात्र घरातली सगळी उणीदुणी माझ्या टेबलावर येऊन पडतात.

त्या दिवशी मास्तर आले, सोबत मुलगा आणि सून. तरणतलावावरच्या मास्तरांनी अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं, त्यात मीही आले. जन्म गेला फरशीच्या तलावात आणि औषध घातलेल्या पाण्यात. खऱ्या समुद्राचा तळ एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच हौस उरली होती. डॉक्टरांनी छाती तपासून यंदापुरती परवानगी दिली होती. पुढच्या वर्षी विचारायलाही येऊ नका, असं बजावून. मास्तरांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, आणि मला तो दोनदा दाखवला.

जायचं होतं कॅरिबियनमधल्या एका बेटावर. जाताना दोन विमानं बदलायची, ते चुटकीसरशी ठरलं. परतीला दोन पर्याय होते. एक, बेटावरून पहाटेचं छोटं विमान, पुढचं मोठं विमान लगेच. दुसरा, त्याच दिवशी रात्री निघायचं आणि मधल्या विमानतळावर बाकावर ताटकळायचं.

"पहाटेचं," मुलगा म्हणाला. तो गेल्याच वर्षी डायव्हिंग शिकून आला होता.

"पाण्याखाली कोण कधी जाणार?" मी विचारलं.

"आधीचे दिवस आम्ही दोघं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा. नवख्या माणसाला वेगळा शिक्षक लागतो."

"मग रात्रीचं घे. हवेची टाकी लावून खाली जाऊन आलेल्या माणसाने पुढचा अख्खा दिवस विमानात बसायचं नसतं. अंगात मुरलेल्या हवेचे वर गेल्यावर बुडबुडे होतात. जिवावर बेततं. तू शिकलायस ना हे?"

"पहिल्याच धड्यात शिकवतात," तो शांतपणे म्हणाला. "पहाटेचंच काढ."

सुनेच्या डोक्यात उशिरा उजेड पडला. "अहो, मग बाबा खाली जाणार कधी? ते जाऊ देत ना पहिल्या दिवशी. मी थांबते."

"घरच्याचा नंबर शेवटी," मुलगा म्हणाला.

मास्तरांची मान झटकन वर झाली. माझीही, कारण ते वाक्य मी लहानपणी रोज ऐकलं होतं. मास्तरांचंच होतं ते. वशिला दिसू नये म्हणून स्वतःच्या पोराला ते रांगेत सगळ्यांच्या मागे उभं करायचे. आम्ही एकेक करून खोल पाण्यात उतरायचो, मास्तर हाताला धरून शिकवायचे, आणि तो काठावर कुडकुडत आमचे टॉवेल धरून उभा असायचा. आम्ही त्याला खुंटी म्हणायचो. त्याचा नंबर आला की मास्तर घड्याळ बघून शिट्टी फुंकायचे. वेळ संपली. मास्तरांच्या पोराला पोहता येत नाही, हा गावभर विनोद होता. शिकला तो मोठेपणी, परक्या माणसाकडून, शुल्क भरून.

मास्तर म्हणजे कधी कोणापुढे हात न पसरलेला माणूस, पण आता ते एकेक शब्द जुळवत बोलले.

"पुढच्या वर्षी डॉक्टर सोडणार नाहीत रे मला."

"'उद्या बघू', असं म्हणायचात तुम्ही. मीही रोज बघायचो."

"चुकलं माझं."

हे त्यांच्या तोंडून बाहेर पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मुलालाही वाटलं नसावं. क्षणभर त्याचा चेहरा हलला, आणि मूर्ख मी, मला वाटलं सुटलं सगळं. मी रात्रीच्या विमानाकडे हात नेला.

"पहाटेचं," तो म्हणाला. "बाबा, शिस्त तुमचीच आहे. मोडली तर लोक काय म्हणतील?"

सून रडवेली झाली होती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि कुडकुडणारं ते पोरही नजरेसमोरून हलत नव्हतं. मी मास्तरांकडे वळले. "एकदा निघालं की हे तिकीट बदलत नाही, मास्तर. तुम्ही नाही म्हणा. मी काढत नाही."

मास्तरांचा हात गळ्याशी गेला, जिथे शिट्टी असायची. तिथे आता काहीच नव्हतं.

"काढ, पोरी," ते म्हणाले. "मी नुसता जाईन सोबत."

मी तिकीट काढलं. मास्तरांनी डॉक्टरांचा कागद पिशवीतून काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मुलगा उठला, मायेने वाकून त्याने त्यांना खुर्चीतून उठवलं, त्यांची काठी हातात दिली.

"कंटाळणार नाही तुम्ही, बाबा. बोटीवर काम आहे. आम्ही खाली गेलो की टॉवेल धरायला कोणीतरी लागतंच."

मास्तर दारात थांबले.

"दोघांचेही?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचे," तो म्हणाला.