पडलेला वारा

वेधशाळेत तिला सगळे ताई म्हणत आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दादा. नातं काहीच नव्हतं. पण दोघांना खोली एक आणि खिडकीही एकच, त्यामुळे भांडणं मात्र सख्ख्या भावंडांसारखी रीतसर होत.

ताईच्या प्रबंधाचा जीव एका दीर्घिकेत अडकला होता. ती इतकी लांब, की तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीचा पत्ताच नव्हता. तिथे तारे धडाधड जन्मत होते आणि त्या धामधुमीत वायू बाहेर फेकला जात होता. असा आपल्याकडे येणारा वायू वर्णपटात ओळखू येतो. त्याच्या काळ्या रेघा दीर्घिकेच्या तेजस्वी रेघांपेक्षा किंचित निळ्या बाजूला सरकतात. ताईची सगळी उमेदीची वर्षं त्या ‘किंचित’मध्ये गेली होती. दुपारी तोंडी परीक्षा होती.

सकाळी तिने शेवटची आकृती नव्याने काढली, तर रेघ सरकलेलीच नाही. मधोमध बसली होती, आग्रहाने बोलावलेल्या जावयासारखी. वायू कुठेही जात नव्हता.

ताईने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. या उपायाला विज्ञानात आधार नाही, पण श्रद्धा सर्वांची आहे. वायू ढिम्म.

तेवढ्यात आईचा फोन आला. आपली लेक कुठलातरी प्राचीन वारा मोजते, असं तिने नातेवाइकांत पसरवलं होतं. सगळं ठीक ना, असं तिने विचारलं.

“वारा पडलाय गं, आई.”

“मग खिडकी उघड,” आई म्हणाली आणि आशीर्वाद देऊन मोकळी झाली.

दादा चहा घेऊन आला. ताईने रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. स्थिर वायूलाही विज्ञानात मान असतो, असं काहीसं तो पुटपुटला आणि मग सहज बोलावं तसं म्हणाला, “हां, काल तुझ्या तक्त्यातली चूक मी सुधारली बरं का. तुला आज ताण नको म्हणून बोललो नाही.”

“कुठली चूक?”

“दीर्घिकेच्या रेघांची तरंगलांबी हवेत मोजलेली होती. मी हवा काढून टाकली.”

हवेत प्रकाशाची लहर एवढीशी आखडते. ती कसर भरून काढावी लागते. हे विसरणाऱ्याला वेधशाळेत निवृत्तीपर्यंत चिडवतात. म्हणून जो तो आधी कसर काढतो, मग चहा पितो.

“दादा,” ताई अगदी हळू म्हणाली, “माझा प्रोग्रॅम पहिल्या वर्षापासून हेच करतो.”

दादाने कप खाली ठेवला. एकच कसर दोनदा निघाली होती, आणि त्या हिशेबात अख्खी दीर्घिकाच सरकून आपल्या वायूपाशी जाऊन बसली होती.

ताईने जुना तक्ता परत लावला. रेघ निमूट निळ्या बाजूला गेली. तरी तिचा विश्वास बसेना. दादाचा हात न लागलेल्या, दीर्घिकेच्या दुसऱ्या एका तेजस्वी रेघेशी तिने ती ताडून पाहिली. तरीही ती निळ्या बाजूलाच. ताईने खुर्चीत अंग टाकलं आणि दादाचा चहाही पिऊन टाकला.

दुपारी परीक्षकांनी चष्मा पुसत पहिलाच प्रश्न टाकला, की हवेची दुरुस्ती केली आहे ना?

“केली आहे, सर,” ताई म्हणाली. “एकदाच.”

मागच्या रांगेत दादाला खोकल्याची उबळ आली.