गुंगीतला होकार

पार्लरवालीनं कातरी चालवली आणि क्रांतीची कमरेपर्यंतची वेणी तुटून फरशीवर पडली. क्रांतीनं आरशात पाहिलं आणि ती खदखदून हसली. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

"एवढी कसली गं घाई?" पार्लरवालीनं विचारलं.

"तात्या व्हय म्हणालं! आत्ता, समोरच्या दवाखान्यात!"

विट्याच्या वस्तादांनी तिला तालमीत घ्यायचं कबूल केलं होतं. केस आखूड हवेत, एवढीच त्यांची अट. पण तिच्या वडिलांनी, म्हणजे लालासाहेब तात्यांनी, निक्षून सांगितलं होतं : वेणीला कातरी लागली तर घराची पायरी चढायची नाही. स्वतः लष्करात असताना कुस्त्या मारलेला माणूस, पण लेकीचा विषय निघाला की ढिम्म हलायचा नाही. आज सांगलीत त्यांच्या पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तिचा हात धरून होकार दिला. मग त्यांना झोप लागली, आणि क्रांती धावत सुटली.

वेणी पिशवीत घालून ती परतली तेव्हा लालासाहेब खाटेवर बसून मिशीवर हात फिरवत होते.

"कसली आलीय गुंगी!" ते नर्सला सांगत होते. "माझ्यावर असल्या इंजेक्शनचा काय बी असर हुत न्हाई. समदं ध्यानात हाय." एवढ्यात त्यांची नजर लेकीच्या डोक्यावर गेली. "कुणाला इचारून कापलंस?"

"तुमालाच. तुमीच तर म्हणालासा."

"मी? असलं मी कायबी बोललो न्हाई!"

क्रांतीनं पिशवीतल्या वेणीकडं पाहिलं. कापलेले केस काही परत जोडता येत नाहीत.

"काका," नर्सनं विचारलं, "नळी काढल्यावर तुम्ही काय केलंत, आठवतंय?"

"गप पडून हुतो."

"डॉक्टरांना दोनदा कडक सॅल्यूट ठोकलात." नर्सला हसू आवरेना. "या औषधानं असंच होतं. माणूस नीट बोलतो, पण नंतर त्यातलं काही लक्षात राहत नाही. आणि राहिलं नाही, हेही त्याला कळत नाही."

ती पुढच्या पेशंटकडे गेली. मिशीवरचा लालासाहेबांचा हात तिथंच थांबला होता.

"काय म्हणालो मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणालासा, तुला अडीवलं, माझं चुकलं. उतर आखाड्यात."

"दुसऱ्या कुणी ऐकलं?"

"न्हाई. मी एकटीच हुते."

लालासाहेबांनी पिशवीसाठी हात पुढं केला. वेणी बाहेर काढली, मांडीवर ठेवली आणि लेक लहान असताना तिच्या डोक्यावरून फिरवायचे तसा वेणीवरून एकदा हात फिरवला. मग घसा साफ केला.

"आता नीट ऐक. ह्या येळंला माझ्या बी ध्यानात राहील. उतर आखाड्यात, पोरी."

मग त्यांनी विचारलं, "तवा असंच म्हणालो हुतो?"

"अगदी असंच," क्रांती म्हणाली. "डोळ्यांतल्या पाण्यासकट."