माळावरचे पिवळे धोबी

ऑगस्टचा शेवटचा आठवडा लागला की ऑब्री टिझार्ड सकाळी सहाच्या ठोक्याला माळावरच्या बाकावर हजर असत. दक्षिणेकडे निघालेली पाखरं समुद्र ओलांडण्याआधी इथूनच जात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे सुतार एकतीस वर्षं त्यांची नोंद ठेवत होते. शेजारच्या जिलियनला हा नाद त्यांनीच लावला. एरवी ती पार पलीकडे, तळ्याच्या अंगाला उभी राहून मोजायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून ती त्यांच्या शेजारीच बसली.

माळभर पसरलेल्या हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग विटायला लागला होता. सखल भागात धुकं साचलं होतं. जिलियन थर्मासमधला चहा ओतत होती तोच वरून आवाज आला, 'त्स्वीप, त्स्वीप.' पिवळे धोबी, आठ पाखरं! ऑब्री आता नाव घेतील म्हणून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते चहावर फुंकर घालत होते.

"धोब्यांनी तर पाठच फिरवलीय," ते म्हणाले. "पूर्वी एका सकाळी पन्नास मोजायचो. गेल्या तीन वर्षांत दोन का चार. पक्षिमंडळाला पत्र धाडलंय मी. माझ्या डोळ्यांदेखत संपले बघ."

जिलियननं कप खाली ठेवला. सांगावं की नको, तिला कळेना.

"ऑब्री, आत्ताच गेले वरून. आठ होते. बोलत गेले."

"काहीतरीच! मी काय झोपलोय? ऐकलं असतं मी."

"नाही ऐकलंत."

ऑब्रींनी कप बाकावर आपटला आणि तरातरा चालत जाऊन काटेरी झुडपांपाशी पाठमोरे उभे राहिले. इतक्या वर्षांचा शेजार, आणि आपण तो एका वाक्यात घालवला, असं जिलियनला वाटलं.

तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. ती लंगडत त्यांच्यापाशी गेली आणि खांदा धरून तिनं त्यांना वळवलं. "तिकडे. भूर्जाच्या शेंड्याच्या वर."

त्यांनी दुर्बीण लावली. हेलकावे घेत बारा पाखरं डोक्यावरून गेली, पोटाखाली पिवळीधमक. ती दिसेनाशी होईपर्यंत दुर्बीण खाली आली नाही.

"ओरडतायत?"

"एकसारखे."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही. तळ्यावरून मला ऐकू यायचे. मला वाटायचं, तुम्ही मोजताच आहात."

ऑब्री मटकन तिथेच हेदरमध्ये बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तशी जिलियन घाबरली. पण ते हसत होते, आणि डोळेही पुसत होते.

"म्हणजे येत होते गं! कान माझे गेले आणि खापर फोडलं बिचाऱ्यांवर. आता ते पत्र मागे घ्यायचं म्हणजे मंडळाची ती चिटणीस मला जन्मभर चिडवणार."

"आणि कानाचं यंत्र?"

"बघू. आज तू दिशा सांग, आकडा मी सांगतो."

नऊ वाजेपर्यंत सत्तेचाळीस झाले. परत निघताना ऑब्री हळूच म्हणाले, "तो आवाज विसरायला झालाय. करून दाखव ना."

वाटेवर कुत्रं फिरवणारी एक बाई येत होती. जिलियननं लाजत तोंडाचा चंबू केला. "त्स्वीप."

"जरा मोठ्यानं!"

"त्स्वीप!" ती ओरडली. कुत्र्यानं कान टवकारले. ऑब्रींनी समाधानानं मान डोलावली.