खडूचा ओके

ओके लिहून गेलेला काटा परत आला, असं दुकानाच्या बावीस वर्षांत एकदाच घडलं. तेही मंगळवारी सकाळी, मास्तरांच्या चहाला अजून साय धरायची होती तेव्हा.

मास्तर वजनकाटे दुरुस्त करत. शाळेत त्यांनी कधी एक तासही शिकवलेला नव्हता. पण "काट्यावर कोपर टेकू नका" हे ते गिऱ्हाइकाला ज्या सुरात सांगत, त्या सुरामुळे हे नाव पडलं आणि चिकटलं. काटा दुरुस्त झाला की ते आधी वजन मधोमध ठेवून बघत, मग चारी कोपऱ्यांत सरकवून बघत. मग काटा रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा तेच सगळं. एवढं झाल्यावर शर्टाच्या खिशातून खडू निघे आणि काट्याच्या मागच्या पत्र्यावर दोन अक्षरं उमटत : ओके.

सून पदार्थविज्ञान शिकलेली होती. तीन वर्षं ती दुकानात बसत होती. तुटलेल्या तारा डाग देऊन जोडणं, पट्ट्या बदलणं, आकडे जुळवणं, सगळं तीच करायची. खडू तेवढा तिच्या हाती आला नव्हता.

"तुझं काम चोख असतं, त्यात वाद नाही," मास्तर म्हणत. "पण ओके म्हणजे दुरुस्ती नव्हे. ओके म्हणजे, मी बघितलंय, आता तुम्ही बघू नका."

म्हणूनच हा शब्द ते तोंडाने कधी वापरत नसत. घरात मात्र त्याचा सुळसुळाट होता. सुनेचा नवरा फोनवर "ओके, ओके, ओके" म्हणाला, की समोरच्याने आता फोन ठेवावा. गिऱ्हाईक "ओके, कळवतो" म्हणालं, की ते पुन्हा दिसणार नाही. सासूबाईंचा लांबवलेला "ओक्के" म्हणजे करा काय करायचं ते, मग माझ्याकडे रडत येऊ नका. सुनेने ही सगळी निरीक्षणं मनातल्या मनात नोंदवून ठेवली होती. तिचा स्वतःचा ओकेही त्यात होता. तो ती विचार करायला वेळ हवा असला की म्हणायची.

तर मंगळवारी सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाई आल्या आणि त्यांनी काटा टेबलावर ठेवला.

"मास्तर, हा ओके आहे का?"

"लिहिलंय ना."

"लिहिलंय, म्हणूनच विचारते. शाळेत पन्नास ग्रॅमचं नवं वजन आलंय. ते ठेवलं की हा पन्नासच्या वर एक दशांश दाखवतो. गुरुवारी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. काटा चुकला की सगळ्यांची उत्तरं चुकतील, आणि चूक कोणाची म्हणून मी कोणाला ओरडू?"

मास्तरांनी शांतपणे खण उघडून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन काढलं. तोंड बघून भांग पाडावा इतकं ते लखलखीत होतं. काट्यावर ठेवताच आकडे स्थिर झाले. बरोबर दोनशे, पुढे दोन शून्यं.

"बघा. ना कण जास्त, ना कण कमी. तुमचं ते नवं वजन तपासून घ्या, बाई. नव्याचे नऊ दिवस असतात."

"ओके," बाई म्हणाल्या. हा ओके सुनेने लगेच ओळखला. बोलणं संपलं, पटलं मात्र नाही. बाईंनी पन्नास ग्रॅमचं वजन तिथेच ठेवलं. "उद्या दुपारी येते," असं म्हणून त्या गेल्या.

मास्तरांचा चहा गार झाला. त्यांनी खिशातला खडू दोनदा चाचपला.

सून त्या लखलखीत वजनाकडे बघत राहिली. काटा लावला होता, म्हणजे त्याचे आकडे जुळवले होते, ते याच वजनाने. आता त्याची परीक्षाही यानेच घेतली, तर उत्तर बरोबर येणार नाही तर काय? चोराने साक्षीला स्वतःलाच उभं करण्यासारखं ते होतं. पन्नासात एक दशांश, तर दोनशेत चार दशांश. एवढं हे वजन हलकं झालं असेल का? आणि कशाने?

उत्तर खणात, वजनाच्या शेजारीच होतं : पॉलिशची डबी आणि मऊ फडकं. दर रविवारी सकाळी मास्तर देवासमोर बसल्यासारखे वजनांसमोर बसत आणि ती घासत. बावीस वर्षं, म्हणजे साधारण अकराशे रविवार. एका रविवारी मिठाचे चार-पाच कण जातील एवढं पितळ गेलं, तरी हिशेब जुळत होता.

हिशेब जुळला म्हणून तिला आनंद झाला नाही. आपण चुकलो, तर खडू या जन्मी मिळायचा नाही. आणि बरोबर ठरलो, तर मास्तरांच्या त्या दोन अक्षरांचं काय व्हायचं? यातलं वाईट कोणतं, हे तिला ठरवता येईना. दुपारच्या जेवणापर्यंत तिने तीनदा स्वतःशीच "ओके" म्हटलं.

जेवणानंतर ती म्हणाली, "बाबा, कपाटातल्या पेटीची किल्ली हवी होती."

पेटीत शिक्क्याची वजनं होती. खणातल्या वजनांबरोबर एकाच दिवशी घेतलेली, पण मोजमाप खात्याचे साहेब तपासायला आले तरच बाहेर निघणारी.

"साहेब येणार आहेत?"

"नाही. जुळ्या भावांची भेट घडवायची आहे."

मास्तरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग कमरेला खोचलेली किल्ली काढून दिली. काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा जुना तराजू मात्र त्यांनी स्वतः पुढे ओढला. डाव्या पारड्यात चकचकीत वजन ठेवलं. उजव्यात, चिमट्याने धरून, शिक्क्याचं वजन ठेवलं. ते मळकट आणि तपकिरी डागांचं होतं. काच बंद केली. तराजूचा काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा थोडा डावीकडे आला. मग उजवं पारडं खाली बसलं आणि बसूनच राहिलं.

मास्तरांनी काचेशी डोळा नेऊन पुन्हा बघितलं.

"डाग चढून जड झालं असेल ते," मास्तर म्हणाले.

"डागांनी इतका भार चढत नाही, बाबा. शिवाय गेल्याच वर्षी साहेबांनी तपासून त्यावर शिक्का मारलाय."

"मग?"

तिने खणातलं फडकं काढून त्यांच्यासमोर पसरलं. ते मधोमध काळं होतं. "हे काळं काय आहे?"

"मळ."

"थोडा मळ," ती हळूच म्हणाली. "बाकी आपल्या दोनशे ग्रॅममधलं पितळ."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. दोघांचे चेहरे बघून त्यांनी सगळं खोदून खोदून विचारून घेतलं आणि कप आपटला.

"म्हणजे दर रविवारी बसून तुम्ही वजनं झिजवलीत? आणि मी एक पातेलं घासायला सांगितलं की तुमची कंबर धरते!"

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी मान वर केली, तर ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हसू ओसरलं तसे ते ताठ बसले. "किराणावाल्यांचे काटे आपण मोठ्या लोखंडी वजनांनी लावतो, त्यांना हे जाणवायचं नाही. ते पाच ग्रॅमखाली बघतच नाहीत. बारीक वजनाची गिऱ्हाइकं शाळा धरून सात." सातही त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी फोन ओढला.

"मास्तर बोलतोय. तुमच्या काट्यावरचा माझा ओके मी परत घेतोय. काटा आणून द्या, फुकट लावून देतो."

पलीकडे औषधांचे दुकानदार होते. त्यांचा आवाज सुनेपर्यंत पोचत होता. "अहो, आमचं अगदी ओके चाललंय!"

"तुमचं चालू द्या हो. माझं चालत नाही."

असे सहा फोन झाले. तोवर सुनेने शाळेचा काटा पेटीतल्या वजनाने नव्याने लावला. मधोमध, मग चारी कोपरे. बाईंचं पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. पन्नास, पुढे दोन शून्यं. मास्तर मागे उभे राहून बघत होते. त्यांनी खिशातून खडू काढला, जरा वेळ बोटांत फिरवला आणि तिच्यापुढे धरला.

"लिही."

तीन वर्षं तिने ज्याची वाट बघितली होती, तो तुकडा बोटाच्या पेराएवढाच होता.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "रात्र जायची आहे अजून."

मास्तरांनी भुवया उंचावल्या. मग खडू खिशात न टाकता तिच्या बाजूला, टेबलावर ठेवला आणि ते घरी गेले.

बुधवारी सकाळी तिने सगळं पुन्हा बघितलं. कुठेच फरक नव्हता. तिने खडू उचलून लिहिलं.

"के जरा वर चढलाय," मास्तर म्हणाले.

"आकडे जागेवर आहेत."

"हं. मग चालेल."

दुपारी बाई आल्या. खडूचं अक्षर वाचून त्यांचा हात सवयीने पन्नास ग्रॅमच्या वजनाकडे गेला आणि मधेच थांबला. "लिहिलंय म्हणा... पण एकदा बघू का?"

सुनेने मास्तरांकडे बघितलं.

"बघा की," मास्तर म्हणाले. "ओके म्हणजे कोणीही, केव्हाही बघावं."

बाईंनी बघितलं, आणि काटा मांडीवर घेऊन रिक्षात बसून गेल्या.

खणातली वजनं खात्याकडे दुरुस्तीला गेली. रविवारी सकाळी मास्तरांचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यासमोर तळ जळालेलं पातेलं आणून आदळलं. "घ्या. हे झिजलं तरी कोणाची परीक्षा बुडत नाही." मास्तर तासभर खपले. सासूबाईंनी पातेलं उजेडात धरलं, चारी बाजूंनी फिरवलं, कडेवरून बोट फिरवलं.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "तो खडू आण गं जरा."

"आत्ता कशाला?" सून आतून म्हणाली. "रात्रभर ठेवा. सकाळी बघू."