अकरा फटके

मी एक जुनी वेताची छडी आहे. मित्रांनो, जन्म माझा मलायाच्या जंगलातला, पण सारी हयात गेली इंग्लंडमधल्या एका गिरणीगावच्या शाळेत. एंटविसल मास्तर दर शनिवारी मला जवसाचे तेल चोळत. इतक्या मायेने त्यांनी एकाही मुलाच्या पाठीवरून हात फिरवला नाही. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

गावातल्या बायका मागावर कामाला जात. मागांच्या खडखडाटात त्या नुसते ओठ हलवून बोलत आणि ओठ पाहूनच ऐकत. दहा वर्षांच्या हेटी शोरॉकला गोवरानंतर ऐकू येईनासे झाले, पण आईमुळे तिला ओठ लख्ख वाचता येत. म्हणून कोणाच्या ध्यानातच आले नाही. आईनेही वाच्यता केली नाही. बहिऱ्या मुलांना दूरच्या वसतिगृहात नेऊन ठेवत, याची तिला धास्ती होती.

त्या दिवशी शब्दांचा धडा होता. अंडी फेटणे, ढोल बडवणे, गालिचा झोडपणे, सामन्यात हरवणे, इतकेच काय, काळजाचे धडधडणे, या साऱ्यांना इंग्रजीत एकच शब्द, 'बीट'. मास्तर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "हेटी, त्या शब्दाचं वाक्य सांग." पाठमोऱ्या माणसाचे ओठ तिला कसे दिसावेत?

मास्तर गर्रकन वळले. "बहिरी आहेस का गं?"

हे मात्र तिने वाचले आणि ती घाबरली. "नाही, सर!"

"मग मस्ती आलीय तुला! हात पुढे. मान खाली!"

मास्तरांचा नियम होता. प्रत्येक फटक्यानंतर ते विचारत, "चूक कबूल?" उत्तर आले नाही, तर तो फटका धरत नसत. शिक्षा तीन फटक्यांची होती. खाली मान घातलेल्या हेटीला प्रश्न दिसलाच नाही. मी पडत राहिले. शेजारच्या बाकावरची मुलगी उठून रस्त्यापलीकडच्या गिरणीकडे धावली. आई केसांत कापूस घेऊन दारात पोचली, तेव्हा अकरा फटके झाले होते.

"थांबा, सर! ऐकू येत नाही हो तिला!"

"आधी का नाही सांगितलंत, बाई?"

"सांगितलं असतं, तर नेली असती ना तुम्ही!"

मास्तरांनी मला टेबलावर ठेवले. पण त्या वसतिगृहाला पत्र लिहायचे ते त्यांनी लिहिलेच.

पुढच्या सोमवारी हेटीला न्यायला गाडी आली. मी खिडकीतून पाहत होते. आई गाडीबरोबर चालत ओठ हलवत होती, पुन्हा पुन्हा तेच काहीतरी सांगत होती. हेटीच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. शेजारी अनोळखी साहेब बसला होता, म्हणून तिने मान खाली घातली होती. ती मान तिने शेवटपर्यंत वर केली नाही.

मित्रांनो, मला जपू नका. मी कुठे सापडले, तर मोडून चुलीत घाला.