न धरलेला धप्पा

हेमंतातली दुपार. नाशिकवरचं ऊन थिजू लागलेल्या तुपासारखं, कडेला दाट, मधे पातळ. त्या उन्हात गोदावरी पाय पसरून पडलेली, मंथरगामिनी, शैवालवसना, अर्धी जागी, अर्धी पेंगुळलेली. गावातली माणसं तिला गोदावरी म्हणत नाहीत. गंगा म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो," म्हणतात. आपल्या नदीला दुसरीच्या नावानं हाक मारायची आणि वर तिच्यावर जीव लावायचा, ही इथली रीत. नदीनं कधी हूं का चूं केलं नाही. तिला ओ द्यायची सवय झाली आहे.

त्या काठानं तिघं चालली होती.

पुढे कादंबरी, दहा वर्षांची, वेणी घट्ट, ओठ वेणीहून घट्ट. तिच्या मागे तिचा भाऊ निहार, वाटेतल्या प्रत्येक खड्याला लाथ मारणं हे आपलं कर्तव्य मानणारा. आणि सर्वांच्या मागे, जांभळ्या साडीत, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, वैजयंती.

वैजयंतीचं लग्न अजून व्हायचं होतं. मुलं मात्र आधी भेटली होती. रंगांच्या दुकानाचे मालक श्रीरंग खैरनार, तीन वर्षांमागे पत्नी गेलेले, भले गृहस्थ. त्यांनी तिला सांगितलं होतं, "माझं काही नाही. एक दिवस मुलांना घेऊन गंगेवरच्या बागा फिरून या. मुलं हो म्हणाली की माझं हो." दुकानाची भिंत रंगवायलासुद्धा ते आधी गिऱ्हाइकांना विचारतील, अशातला माणूस.

आणि वैजयंतीला काय हवं होतं? चाळिशी उंबऱ्यावर आलेली. भावाच्या घरी एक खोली, तिच्यातही वहिनीच्या गाद्या रचलेल्या. खरं बोलायचं तर नवरा चालण्यासारखा होता. हवी होती ती मुलं. आतल्या खोलीतून कुणीतरी वैतागून ओरडावं, "अगं, माझे मोजे कुठे टाकलेस?" एवढंच. त्या 'अगं'साठी, त्या उद्धट, उघड्या, अनवाणी 'अगं'साठी ती आज जांभळी साडी नेसून, पिशवीत नारळाच्या वड्या घेऊन, नदीकाठी आली होती.

पहिली बाग झोपाळ्यांची. कडुनिंबाच्या जाळीतून गळणारं ऊन, हलणाऱ्या साखळ्या, करकरणाऱ्या कड्या. निहार झोपाळ्यावर चढला. वैजयंती पदर खोचून पुढे सरसावली.

"असू द्या मावशी, मी देते झोका," कादंबरी म्हणाली. "तुम्ही बसा ना त्या बाकावर. दमाल."

किती मायेचे शब्द! जणू मखमली दोरी: हाताला मऊ, आणि पलीकडे जाऊ न देणारी. वैजयंती बाकावर बसली. वड्यांचा डबा उघडला. मुलांनी एकेक वडी घेतली, "थँक्यू मावशी" म्हटलं. दुसरी मागितली नाही. तिनं मग कोडं घातलं, चार दिवस खपून पाठ केलेलं. ते पुरतं संपायच्या आत कादंबरीनं उत्तर दिलं. वर समजूत घातल्यासारखं म्हणाली, "सोपं नव्हतं हो. आई घालायची हे, म्हणून आलं."

दुसरी बाग हत्तीची. दगडी हत्ती, शेवाळलेला, पावसांनी पाठ गुळगुळीत केलेला, सोंडेची घसरगुंडी झालेला. वैजयंतीनं शेजारणींकडून या बागेचा पत्ता काढला होता; आपण मुलांना काहीतरी नवं दाखवणार, अशी गोड गुदगुली मनात धरून आली होती. निहार धावत गेला आणि हत्तीच्या पोटावर थाप मारून ओरडला, "ताई, हा अजून इथंच आहे गं!"

"तुम्ही आला होतात इथं?" वैजयंतीनं विचारलं.

"पुष्कळदा! हा आमच्या आईला ओळखतो," निहार म्हणाला. मग जरा विचार करून, उदार मनानं, "तुम्हालापण ओळखेल. हळूहळू."

जिथं जावं तिथं ती आधीच जाऊन आलेली. झोक्यात तीच, झाडात तीच, गवतावरच्या मळलेल्या वाटेत तीच. जिवंत सवत भांडते तरी. ही काही बोलतच नव्हती.

ऊन कलंडलं. केशर पाण्यावर सांडलं, पाण्यानं ते पुलाकडे वाहून नेलं. तिसरी बाग आली, पिंपळांची, वाळूच्या मैदानाची. इथं लपाछपी ठरली. आणखी चारदोन पोरं आपसूक जमली. गडी मोजताना निहार तोंड पाडून म्हणाला, "म्हणजे मी परत कच्चं लिंबू."

धाकट्याला खेळात घ्यायचं, पण खेळात धरायचं नाही. त्यानं पळावं, लपावं, ओरडावं. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, त्याच्यावाचून काही अडत नाही. पोरांच्या राज्यातली ही दयाळू तरतूद.

कादंबरीनं भावाकडे पाहिलं. मग वैजयंतीकडे. "नाही," ती म्हणाली. "तू आज खरा गडी. मावशी कच्चं लिंबू."

निहारला आकाश ठेंगणं झालं. तो धावत आला आणि त्यानं वैजयंतीच्या कमरेला मिठी मारली, दिवसातली पहिली. "तुम्ही आलात म्हणून मी सुटलो!"

राज्य कादंबरीवर आलं. पिंपळाला कपाळ टेकून ती मोजू लागली, "दहा, वीस, तीस, चाळीस..."

वैजयंती लपली. साडी सावरत, श्वास आवरत, पाण्याच्या टाकीमागे, शेवाळाच्या वासात, मुंग्यांच्या रांगेशेजारी. एकेक पोर सापडलं. आरडाओरडा झाला. टाकीकडे कुणी आलं नाही. सावली तिच्या पावलांवरून गुडघ्यांवर चढली. निहार फक्त राहिला होता, कुठंतरी दडून; कादंबरी त्याला शोधत पाठमोरी उभी होती.

तेव्हा वैजयंती निघाली. चपला काढून, वाळूवरून, चोरट्या, लहान लहान पावलांनी. वयाची वर्षं वाटेत गळत गेली. समोर ती चिमुकली पाठ, फ्रॉकची निसटलेली गाठ, वेणीचं काळंभोर टोक. वैजयंतीनं हात उचलला आणि उभ्या आयुष्याच्या उमाळ्यानं, पण फुलावर ठेवावा तसा, त्या पाठीवर टेकवला.

"धप्पा!"

तळव्याखाली ऊब. तळव्याखाली धडधड. एक क्षण. एकच.

कादंबरी वळली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मावशी," ती समजावत म्हणाली, "कच्च्या लिंबाचा धप्पा धरत नाहीत."

आणि पुन्हा निहारला शोधू लागली.

दिवे लागायच्या वेळी पुलापाशी श्रीरंग आले, स्कूटरवरून, बाह्यांना टर्पेंटाइनचा वास लावून. "काय मग मंडळी? कशी वाटली मावशी?"

"छान आहेत," कादंबरी म्हणाली. मनापासून म्हणाली.

"खूप छान आहेत!" निहार उड्या मारू लागला. "बाबा, यांना घरी आणाच. म्हणजे मी कायमचा खरा गडी!"

श्रीरंग हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पोरांनी हो म्हटलं होतं, देवानं ऐकलं होतं. "मग मी धरून चालू ना?" त्यांनी वैजयंतीला विचारलं.

तिच्यापाशी एक 'नाही' होता. पण तो घेऊन परत जायचं कुठं? त्या गाद्यांच्या खोलीत? "हो," ती म्हणाली.

त्यांनी भेळ घेतली, कागदाचे चार पुडे. कादंबरीनं पहिला पुडा दोन्ही हातांत धरून वैजयंतीपुढे केला.

"अगं, निहारला दे आधी, भुकेला असेल तो," वैजयंती म्हणाली.

"नाही मावशी. आधी पाहुण्यांना. आईनं शिकवलंय."

"पाहुण्या कसल्या आता, वेडाबाई!" श्रीरंग म्हणाले. तो पुडा मात्र मागे गेला नाही.

घरात पहिला घास पाहुण्यांचा. शेवटचा, गार झालेला, भांड्याच्या तळाचा खरवडून घेतलेला, तो आईचा. त्या शेवटच्या घासासाठी आलेल्या बाईच्या हातात पहिला पुडा होता, काठोकाठ भरलेला, वर मूठभर शेव, मुलीनं अदबीनं दिलेला. तिनं खायला सुरुवात करावी म्हणून तिघंही थांबली होती. हसतमुखानं, आदरानं, आपापले पुडे हातात धरून, तिघंही थांबली होती.

तिनं घास उचलला. खाली घाटावर काळोख उतरत होता, पायरीपायरीनं, पायरीपायरीनं. आणि पाणी त्याला कोण, कुठला, काही न विचारता आत घेत होतं.