सरळ उभ्या गाडीखालचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. मसाला वाटायचा नव्हे, मित्रांनो. ट्रकच्या मागच्या डाव्या चाकापाशी धनुष्यासारखा वाकवून बसवतात, तो. आता माझ्यात तो बाकही उरला नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका शेडमागे, गवतात, दोन तुकडे होऊन मी पडलो आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही. तरी ऐकून ठेवा, कारण गाडीत तुम्हीही बसता आणि गाडीखाली कोण आहे हे तुम्हीही कधी वाकून बघत नाही.

जन्माने मी पोलादाची एक साधी पट्टी. कारखान्यात मला लालबुंद होईपर्यंत तापवले, वाकवले आणि तसेच तेलात बुडवले. मग पुन्हा मंद आचेवर शेकले. नुसतेच कडक ठेवले असते तर मी काचेसारखा ठिसूळ झालो असतो. माझ्याखाली तीन धाकटी भावंडे रचली, एकाहून एक आखूड, आणि चौघांच्या पोटातून एकच बोल्ट घालून आम्हाला आवळले. मी थोरला. माझ्याच दोन्ही टोकांना गोल वळवलेल्या कड्या आहेत, त्यांना डोळे म्हणतात, आणि त्या डोळ्यांनी मी गाडीच्या सांगाड्याला धरून असतो. धाकटा तुटला तर गाडी कुरकुरत का होईना, घरी पोहोचते. थोरला तुटला तर मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, जागचा सरकतो आणि गाडी कुठे जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

माणसे छाती फुगवून म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. आमच्या कुळाची रीत उलटी. आम्ही दिवसभर वाकतो आणि त्यातच आमची अब्रू असते.

माझा मालक ऑरिन हालवर्सन. माळरानावरच्या गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. लोखंडी नळ, दातेरी चाके, शिड्या, सगळे माझ्या डोक्यावर. रस्ता नसलेल्या ठिकाणीही तो आपला छोटा, उघड्या हौद्याचा ट्रक घालायचा आणि परत आला की मागच्या चाकावर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या!" थाप चाकाला बसायची, पण शाबासकी कोणासाठी आहे हे मला कळायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ चाकांनी उडून आमच्या फटींत बसायचे. वर्षानुवर्षे गंज धरला, गंज फुगला, आणि एका थंडीत माझ्या पोटात, बोल्टच्या भोकापाशी, एक भेग पडली. केसाएवढी. खालून भावंडांचा वेढा, त्यावर चिखलाचा थर. ती कोणाला दिसली नाही. मला मात्र प्रत्येक खड्ड्यावर जाणवायची, आणि मी घाबरायला लागलो.

पुढे ऑरिनने धंदा बंद केला. त्याची बायको डेल्फा सगळा जन्म त्या माळावर राहिलेली, तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिची धाकटी बहीण दूर पश्चिमेला, समुद्रकाठच्या गावात राहायची. डेल्फाच्या पाठीचे ऑपरेशन झाले होते. परक्या गादीवर तिला झोप लागत नसे आणि फार वेळ बसवतही नसे. म्हणून ऑरिनने कॅम्पर घ्यायचे ठरवले. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या हौद्यात सरकवून बसवायची आख्खी खोलीच. पलंग, चूल, पाण्याची टाकी, संडास, सगळे त्यात. शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईकडून त्याने जुना कॅम्पर आणला. दाराच्या आतल्या बाजूला वजनाची चिठ्ठी होती. ती वाचून ऑरिन खूश झाला. ते वजन कोऱ्या, रिकाम्या कॅम्परचे होते. पाणी नाही, गॅस नाही, गादीसुद्धा नाही. पण माणूस आवडीची गोष्ट वाचतो तेव्हा बारीक अक्षरे वाचत नाही.

कॅम्पर हौद्यात सरकला आणि माझा बाक पुरता उलटा झाला. ट्रकचे नाक वर झाले, दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडू लागले.

ऑरिन आम्हाला घेऊन हॉलिसकडे गेला. हॉलिसचे तालुक्याच्या गावी पाट्यांचे दुकान. त्याने खाली वाकून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"आधी सगळं सामान भर, पाणी भर, आणि धान्याच्या कोठाराच्या काट्यावर गाडी घाल," तो म्हणाला. "वजन कळल्याशिवाय मी पाटा सांगत नाही."

"डॉक्टरचा काटा आणि कोठाराचा काटा, दोन्हींवर मी चढत नाही बाबा. दोघंही जेवण कडू करतात."

"मग निदान हे पाटे उतरवून बघू दे. इतक्या जुन्या पाट्यांना बोल्टपाशी भेग असते. ते बदलू, आणि वर एकेक जाड पाटा वाढवू. तरीसुद्धा ॲक्सल आणि टायर किती झेपवतात हे बघावंच लागेल."

"आणि गाडी आदळणार किती?"

"रिकामी असली तर दात वाजतील. भरलेली असली तर..."

ऑरिनने पुढचे ऐकलेच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर डेल्फाची पाठ होती. आपण समुद्र दाखवायला न्यायचे आणि प्रत्येक खड्ड्याला तिने ओठ चावायचे, हे त्याला सहन होईना. म्हणून सांगतो मित्रांनो, त्याने जे पुढे केले ते प्रेमापोटी केले. चूक प्रेमापोटी केली म्हणून भेग काही थांबत नाही.

डेल्फाचा भाऊ ड्वेन त्याच संध्याकाळी जेवायला आला. बटाटे दुसऱ्यांदा वाढून घेता घेता त्याने निकाल दिला.

"हॉलिस पाटे विकतो, तो पाटेच सांगणार. पाववाला कधी म्हणतो का, भूक नसेल तर घेऊ नका? अरे, रबरी फुगे लाव फुगे! ॲक्सल आणि सांगाड्याच्या मधे दोन फुगे बसवायचे आणि हवा मारायची. गाडी सरळ, आणि चाल अशी मऊ की ताई आपली डुलक्या घेत जाईल."

"वजन झेपेल ना?" डेल्फाने विचारले.

"अगं, सरळ उभी राहिली म्हणजे झेपलंच की!"

त्या माळावरच्या लोकांची ही जुनी समजूत. गाडी मागे बसली तर ओझे जास्त, सरळ असली तर ओझे बरोबर. पवनचक्कीचा खांब ओळंब्यात असला की वाऱ्याला टिकतो, हे ऑरिनने जन्मभर पाहिले होते. तोच न्याय त्याने आम्हाला लावला.

दोघा मेव्हण्यांनी अंगणातच फुगे बसवले. हवा भरली. ट्रक हळूहळू वर आला. ऑरिनने मागच्या बंपरवर पातळी मोजायची पाणसळ ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध. "बघ डेल्फा!" तो लहान मुलासारखा ओरडला. मला मात्र खरे ठाऊक होते. फुगे ओझे उचलत होते, पण ते कमी करत नव्हते. ॲक्सल तोच, टायर तेच, आणि ॲक्सलला जागेवर धरून ठेवायचे काम अजून माझेच. पूर्वी मी खचलेला तरी दिसायचो. आता माझे दुखणे सगळ्यांच्या नजरेआड झाले.

मग सामान चढू लागले. बाहेरचे पाणी पचत नाही म्हणून घरच्या विहिरीच्या पाण्याने टाकी गळ्यापर्यंत भरली. बहिणीसाठी पीचच्या मुरंब्याच्या बरण्या, बिडाची भांडी, जनरेटर, आणि ऑरिनची अवजारांची पेटी, कारण अवजारांशिवाय त्याला घराबाहेर झोप येत नसे. दर खेपेला ट्रक बोटभर बसायचा आणि ऑरिन आणखी हवा मारायचा. बुडबुडा पुन्हा मधोमध.

निघालो. सपाटीवर सगळे गोड होते. गवतातून हरणे पळत होती, डेल्फा थर्मासमधली कॉफी ओतून देत होती, आणि चाल खरेच इतकी मऊ की तिने एकदाही पाठीला हात लावला नाही. ऑरिन तिच्याकडे बघून हसत होता. त्या हसण्याची मला भीती वाटू लागली.

बिगहॉर्न पर्वताचा चढ लागला. वळणावर वळणे, आणि वरून आडवा वारा. उंच कॅम्पर डावीकडे झुकला की सगळा भार माझ्यावर यायचा. भेग केसाची दोऱ्याएवढी झाली. मला बोलता येत नाही. कुरकुरता तेवढे येते. मी कुरकुरलो.

"कसला आवाज?" डेल्फा म्हणाली.

"बरण्या असतील," ऑरिन म्हणाला, आणि रेडिओ मोठा केला.

पुढच्या वळणावर मी पुन्हा कुरकुरलो, जिवाच्या आकांताने. या खेपेला डेल्फाने रेडिओ बंद केला. घाटमाथ्यापर्यंत ती कान देऊन ऐकत राहिली.

माथ्यावर गाड्या थांबवायला मोकळी जागा आहे. उतार लागण्याआधी ब्रेक तपासा, अशी मोठी पाटी तिथे लावली आहे. पुढे रस्ता डोंगराच्या कडेकडेने खाली कोसळत जातो आणि दरीचा तळ दिसत नाही. ऑरिन उतरला, पाणसळ बंपरवर ठेवली आणि तिला हाक मारली.

"ये, बघ. सरळसोट! उगाच घाबरतेस."

डेल्फा उतरली, कमरेवर हात ठेवून हळूहळू मागे आली. तिने बुडबुड्याकडे पाहिलेच नाही.

"ती पाणसळ सांगते की गाडी सरळ आहे. ती दमलीय का, हे कुठे सांगते?"

"डेल्फा, खाली गावात पोचून जेवायचंय. वारा वाढतोय."

"फुग्यांतली हवा सोड."

"काय?"

"तोंडाला पावडर लावली म्हणून ताप उतरत नाही, ऑरिन. हवा सोड. गाडी तिच्या पायांवर कशी उभी राहते ते मला बघू दे. तोवर मी आत बसायची नाही."

"अगं, पुन्हा भरायला अर्धा तास जाईल!"

"जाऊ दे. समुद्र कुठे पळून चाललाय? मला तो बघायचाय. दरीच्या तळातून नाही."

ऑरिनचे कान लाल झाले. जन्मभर लोखंडात काढलेल्या माणसाला बायकोने असे सुनवावे! "बघच मग," असे पुटपुटत तो गुडघ्यावर बसला आणि किल्लीच्या टोकाने वाल्व दाबला. हवा फुसफुसत सुटली. ट्रक खाली येऊ लागला, येतच राहिला. फुग्यांनी इतके दिवस उचललेला भार इंच इंच माझ्यावर उतरला.

मी वाकलो. जेवढे वाकता आले तेवढे वाकलो.

मग मी तुटलो. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. ट्रक डावीकडे धाडकन बसला, आत बरण्या फुटल्या, आणि ॲक्सलची डावी बाजू मागे सरकून चाक हौद्याच्या पत्र्याला घासून थांबले. उभ्या गाडीत हे झाले. आत कोणी नव्हते.

ऑरिन तसाच गुडघ्यावर राहिला. त्याने वाकडे झालेले चाक पाहिले, मग समोरचा उतार पाहिला. त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

"तुझ्या पाठीसाठी केलं गं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला," डेल्फा म्हणाली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

ओढायला गाडी बोलावली, ती यायला वेळ होता. तेवढ्यात आणखी एक ट्रक येऊन थांबला. पाठीवर आमच्याहून मोठा कॅम्पर, मागच्या सीटवर दोन मुले. चालवणारा तरुण हसतमुख, उतरून कुत्र्याला फिरवून आला. आमची दशा बघून त्याला वाईट वाटले.

"आजोबा, फुगे नव्हते का लावले? माझी गाडी बघा. एवढं सामान आहे, पण अगदी सरळ!"

"मीही लावले होते," ऑरिन चटकन उठून म्हणाला. "हे बघ पोरा, माझं ऐक. इथं हवा सोड आणि एकदा बघ. मी मदत करतो तुला. पुन्हा भरूही मीच देतो."

"अहो, पोरं भुकेनं रडताहेत. खाली गावात पोचून जेवायचंय." त्याने ऑरिनचा खांदा थोपटला. "काळजी करू नका, माझी नवीन आहे."

तो बसला आणि निघाला. ऑरिन त्याच्यामागे धावला. त्या वयात, वाऱ्यात, दोन्ही हात वर करून ओरडत धावला. काचा बंद होत्या. मागच्या काचेतून त्या मुलांना तो दिसला. त्यांना वाटले आजोबा निरोप देताहेत. त्यांनीही हसत हात हलवले, आणि गाडी वळणाआड गेली.

मित्रांनो, त्या गाडीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. पुढे समुद्रावरून परतताना ऑरिन उताराखालच्या गावात दोन ठिकाणी विचारून आला, त्यालाही कोणी सांगू शकले नाही. माझ्या जागी आता हॉलिसचे नवे पाटे आहेत, काट्यावर वजन करून निवडलेले, आणि डेल्फा समुद्र बघून आली. मला भंगारात द्यायला ऑरिन तयार होत नाही. कोणी नवा कॅम्पर घेतला की तो त्याला शेडमागे आणतो आणि माझे दोन तुकडे हातात देतो. बहुतेक लोक मान हलवून निघून जातात.

तुम्ही तसे करू नका. जी वस्तू तुमचा भार वाहते ती कुरकुरली, तर रेडिओ मोठा करू नका. ती सरळ दिसते म्हणून धडधाकट आहे असेही समजू नका. थांबा, खाली वाका, तिच्या पोटाखाली बघा. आम्हाला दुसरी भाषा येत नाही. ती मुले हसत हात हलवत होती ना, तेव्हा त्यांच्या गाडीखालूनही कुरकुर येत होती, आणि त्या माथ्यावर ती मला एकट्यालाच समजत होती.